जतचा ठराव, बेळगावचा दावा आणि आपल्याच घरातले अल्पभाषिक

कृष्णाकाठ (धागाकर्ता) | रविवार, रात्री ९:५०

सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्याच्या कन्नड बोलणाऱ्या पूर्व भागातून "आम्हाला कर्नाटकात जाऊ द्या" असा आवाज आला की सांगलीत दोन ठरलेल्या प्रतिक्रिया उमटतात. "जाऊ देत की, अडवलंय कुणी?" ही एक. "खायचं महाराष्ट्राचं आणि गायचं कर्नाटकाचं" ही दुसरी. "पण ते असं का म्हणतायत?" हा प्रश्न टँकर चालू असेपर्यंत कुणी तरी विचारतो, मग पहिल्या वळवात तोही वाहून जातो.

नोव्हेंबर २०२२ आठवा. सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात सुनावणीला येणार होता. महाराष्ट्रानं समन्वयासाठी चंद्रकांत पाटील आणि शंभूराज देसाई या दोन मंत्र्यांना नेमलं. लगेच कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई म्हणाले, जतच्या गावांनी कर्नाटकात यायचा ठराव केलाय, आम्ही त्याचा गांभीर्यानं विचार करतोय. फडणवीसांनी खुलासा केला की तो ठराव २०१२ चा, पाणीटंचाईच्या काळातला, नवा काही नाही. पुढं बेळगावजवळ हिरेबागेवाडीला महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले, एसट्या थांबल्या, १४ डिसेंबरला अमित शहांनी दोघा मुख्यमंत्र्यांना दिल्लीत बोलावलं, आणि महिना संपायच्या आत दोन्ही विधिमंडळांनी एकमेकांविरुद्ध ठराव करून टाकले. तेव्हा दोन्हीकडं सत्तेत एकच पक्ष होता हे विसरू नका. म्हणजे "वर-खाली एकच सरकार असलं की सुटेल" हा समजही तिथंच निकालात निघाला.

मला या सगळ्यात खटकलेली गोष्ट वेगळी आहे. फडणवीसांचा खुलासा खरा होता. ठराव दहा वर्षांपूर्वीचाच होता. पण मग दहा वर्षं तो कुठल्या टेबलावर होता?

दोन्ही राज्यांना दुसऱ्याच्या घरातले अल्पभाषिक फार प्रिय. बोम्मईंनी महाराष्ट्रातल्या कन्नड शाळांना अनुदान जाहीर केलं. महाराष्ट्रानं पुढं सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केली. दोन्ही निर्णय वाईट नाहीत, मी त्यांच्या विरोधात नाही. पण बेळगावच्या मराठी माणसाला कन्नड सक्तीचा किती जाच होतो हे आपल्याला तोंडपाठ असतं आणि उमदीच्या म्हातारीला आपल्या सरकारचा कागद वाचता येत नाही हे मात्र माहीत नसतं. तिकडं नेमकं उलट.

माझे निम्मे पक्षकार जत, संख, उमदीकडचे. मागं एक आजोबा वाटणीच्या वादातली नोटीस घेऊन आले. नोटीस मिळून पुष्कळ दिवस झाले होते. घरात मराठी वाचणारा एकटा नातू, तो पुण्याला कामाला. तो सुट्टीला येईपर्यंत कागद देव्हाऱ्यामागं ठेवलेला, कुंकवाचे डाग पडलेला. तोवर म्हणणं मांडायची मुदत टळून गेली होती. आजोबा कर्नाटकात जायचं म्हणत नव्हते. कन्नड संघटनेचं नावही त्यांनी कधी ऐकलेलं नसावं. त्यांना एवढंच कळत नव्हतं की आपल्याला कळणार नाही असा कागद आपल्याला का देतात.

तर प्रश्न असा: सत्तेवरचा जे देईल त्याला विरोधातला "विकलं" म्हणणार, अशा दुभंगलेल्या राजकारणात असल्या मागण्या हाताळायच्या तरी कशा? माझं मत आधीच सांगतो. "राज्य बदलून द्या" ही मागणी क्वचितच पहिली असते. आधीचे दहा अर्ज कुणी वाचले नाहीत की अकरावा अर्ज तसा येतो.

(सीमावादावर केंद्रानं नेमलेल्या महाजन आयोगाचे आकडे प्रतिसादांत येणारच, म्हणून आधीच देतो. १९६६ मध्ये नेमणूक, १९६७ मध्ये अहवाल. महाराष्ट्राची मागणी तेव्हा ८१४ गावांची. आयोगानं २६४ गावं महाराष्ट्राला द्यायला सांगितली, त्यात निपाणी, खानापूर. २४७ गावं कर्नाटकाला, त्यात जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडची. बेळगाव शहर कर्नाटकातच. आपण अहवाल फेटाळला, त्यांनी डोक्यावर घेतला. आता पुन्हा यावर पन्नास प्रतिसाद नकोत.)

भडंग_एक्स्प्रेस | रविवार, रात्री १०:०४

सीमाप्रश्न आणि पाणी एकाच धाग्यात! शंभरी नक्की. कांदा-कोथिंबीर घालून बसलोय.

सह्याद्री_७७ | रविवार, रात्री १०:३१

वकीलसाहेब, कळकळ पोचली. पण दावा कोर्टात चालू असताना आपणच जतमध्ये कन्नड नोटिसा, कन्नड पाट्या सुरू करायच्या? उद्या समोरचा वकील त्याच पाट्यांचे फोटो पुरावा म्हणून दाखवेल, "बघा, महाराष्ट्रालाही मान्य आहे हा भाग कन्नड आहे ते." तुम्ही कर्नाटकाच्या हातात कोलीत देताय. आणि महाराष्ट्रात राहायचं तर मराठी शिकायला काय हरकत? आम्ही साताऱ्याचे लोक बंगळूरला नोकरीला गेलो तर कन्नड शिकतोच ना.

टिळकवाडी | रविवार, रात्री ११:१५

सह्याद्री, कोलीत नेमकं उलट्या बाजूनं जातंय.

मी बेळगावातला. आमची मागणी साधी असते. जिथं एका भाषेचे लोक १५ टक्के किंवा त्याहून जास्त, तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेतही द्याव्यात. ही आमच्या मनची गोष्ट नव्हे, भाषिक अल्पसंख्याकांसाठी केंद्र आणि राज्यांनी मिळून ठरवलेल्या संरक्षणातली आहे. शाळेचंही तसंच. १९४९ मध्ये प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांनी ठरवलं होतं की एका वर्गात दहा किंवा सगळ्या शाळेत चाळीस मुलं त्या भाषेची असली तर त्या भाषेचा शिक्षक द्यायचा. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीनं ३५०-अ आलं, प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यानं करावी म्हणून. ३५०-ब खाली भाषिक अल्पसंख्याकांसाठी एक विशेष अधिकारीही आहे, भाषिक अल्पसंख्याक आयुक्त. तो राष्ट्रपतींना अहवाल देतो, अहवाल संसदेपुढं जातो, आणि तिथंच थांबतो. त्याच्या हातात छडी नाही.

हे सगळं घेऊन आम्ही अधिकाऱ्यांपुढं बसलो की समोरून पहिला प्रश्न ठरलेला: "तुमचा महाराष्ट्र जतमध्ये देतो का हे?" त्यावर आम्ही काय उत्तर द्यायचं? तुम्ही जतमध्ये कन्नड नोटीस दिलीत तर आमच्या हातात कागद येईल. हे इथं बसून कळतं, मुंबईतून कळत नाही.

आणि कोर्टाचं म्हणाल तर दावा २००४ पासून आहे. माझ्या मुलीचं शिक्षण, लग्न, दोन नातवंडं एवढं त्यात झालं. नोटीस वाचता येण्यासाठी निकालापर्यंत थांबायचं?

शेवटचं एक. महाराष्ट्र एकीकरण समितीचा २०१८ मध्येही आमदार आला नाही आणि २०२३ मध्येही नाही. याचा अर्थ मराठी प्रश्न संपला असा बंगळूरवाले लावतात. प्रश्न संपलेला नाही, समितीतले गट संपलेले नाहीत, आणि मतं त्या भांडणात वाटली गेली. मागणी करणाऱ्यांची फूट हीसुद्धा सरकारांना सोयीची असते.

पूर्वभाग | सोमवार, सकाळी ६:४०

मी जत पूर्व भागातला, घरात कन्नड, शाळेत शिकवतो मराठीतून आणि कन्नडमधून, शिव्या दोन्हीत येतात. थोडं लांबेल, शाळा भरायच्या आत लिहून टाकतो.

आमच्याकडं कन्नड-मराठी असं भांडण गावात नसतंय हो. गुड्डापूरच्या दानम्मादेवीला अमावास्येला निम्मी गाडी विजापूरची, निम्मी सोलापूर-सांगलीची. जतच्या यल्लम्माच्या यात्रेत बैलाचा सौदा रुमालाखाली बोटांनी होतो, तिथं भाषा लागतच नाही. सोयरिकी इंडी-विजापूरकडं. उमदीहून विजापूर जेवढं, त्याच्या दुपटीहून जास्त सांगली. दवाखाना विजापूर, बाजार विजापूर, आणि कलेक्टर मात्र सांगलीला. कामाला निघायचं तर पहाटेची गाडी धरायची, साहेब मीटिंगला असले तर परत तेवढंच.

आता पाणी. कृष्णेचं पाणी मिरज तालुक्यात म्हैसाळला उचलायचं आणि टप्प्याटप्प्यानं चढवत कवठेमहांकाळ, जतला न्यायचं. आम्ही शेपटाला. वीजबिल थकलं की पंप बंद, पंप बंद की पहिली तहान आमची. पुढं सरकारनं ८१:१९ केलं, म्हणजे बिलातले ८१ टक्के सरकार भरणार आणि १९ शेतकरी, तेव्हा जरा सुरळीत झालं. पण पूर्वेकडची ६५ गावं मूळ योजनेत बसतच नव्हती. आणि तिकडं हद्दीपलीकडं कर्नाटकाच्या तुबची-बबलेश्वर योजनेच्या कालव्याला पाणी वाहताना आम्ही बांधावरून बघायचं. ते पाणी उताराला आहे, आमच्याकडं सहज येतंय. दोन सरकारांनी बसून देवाणघेवाणीचा करार करा, एवढंच गावं मागत होती. कित्येक वर्षं मागितलं.

मग बोम्मई बोलले. अन् बघा चमत्कार! काही आठवड्यांत मुंबईहून फोन, मंत्री, बैठका. विस्तारित म्हैसाळच्या मंजुऱ्या हलल्या, सुमारे दोन हजार कोटींची योजना. माझा एक माजी विद्यार्थी म्हणाला, "सर, अर्जाला दहा वर्षं लागली, धमकीला दहा दिवस." मी शिक्षक माणूस, त्याला काय शिकवू? त्याचं गणित बरोबर होतं.

ठराव केला तेव्हा कुणी गाठोडं बांधलं नव्हतं. रेशनकार्ड इथलं, पोरं पोलीस भरतीला इथंच पळतात, जमिनीचे दावे इथल्या कोर्टात. जायचं कुणालाच नव्हतं. ऐकून घ्यावं एवढं होतं.

आणि सह्याद्री साहेब, मराठी शिकायला आमची ना नाही. आमची पोरं शिकतात. पण पहिलीचं पोर घरात पाण्याला "नीर" म्हणतंय, त्याच्यापुढं मराठी माध्यमातून आलेला मास्तर उभा केला, ज्याला कन्नड अक्षर येत नाही, तर पोर आणि मास्तर दोघं एकमेकांकडं बघत बसतात. असा प्रकार मी डोळ्यांनी बघितलाय. त्या मास्तराची चूक नाही, तो बिचारा बदलीचे अर्ज करतोय. पटावर शिक्षक भरलेला दिसतोय, वर्गात नाही.

माणदेशी | सोमवार, सकाळी १०:२०

पूर्वभाग, लई नेमकं लिवलंत. पण एक सांगू? तुमच्याकडं निदान धमकी द्यायला शेजारी राज्य तरी हाय. आम्ही दहिवडी-म्हसवडची माणसं कुणाकडं जातो म्हणणार? फलटणला?

चेष्टा सोडा. माण, खटाव, आटपाडी, सांगोला, जत, सगळा एकच दुष्काळी पट्टा. नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकर यांनी १९९३ पासून आटपाडीला पाणी परिषद भरवली. तेरा दुष्काळी तालुके. दरसाल. त्यात मराठी, कानडी, धनगर, मराठा, लिंगायत असा भेद नव्हता, मागणी एकच: कृष्णा खोऱ्यातलं आमच्या वाट्याचं पाणी द्या आणि समान द्या, जमीन असो नसो. बचावत लवादानं १९७६ ला महाराष्ट्राला ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) दिलं होतं, ते अडवायला आणि वापरायला पैसा कुठंय हा सवाल होता. मोर्चे, ठिय्या, पाणीपट्टी भरू पण पाणी द्या, असं वर्षानुवर्षं चाललं. टेंभू योजनेचं पाणी आटपाडीत आलं त्यामागं हे सगळं हाय.

त्यामुळं अर्ज निकामी आणि धमकी कामाची, असं सरळ नाही. मधे एक रस्ता असतो, चिकाटीच्या संघटनेचा. फक्त तो टीव्हीवर दिसत नाही. आणि हेही खरं की तो रस्ता वीस-पंचवीस वर्षांचा हाय. तोवर एक पिढी ऊसतोडीला जाते.

वाळव्याची_लेक | सोमवार, दुपारी १:०५

मी कृष्णाकाठची, वडिलांचा ऊस. म्हणून थोडं अवघडून लिहिते.

पूर्व भागाची तहान दिसत नाही याचं एक कारण हिशोबात आहे. १९८३ साली दांडेकर समिती नेमली, तिनं प्रादेशिक अनुशेष, म्हणजे विकासातली तूट, मोजताना जिल्हा हा घटक धरला. सांगली जिल्ह्याची सरासरी काढली की वाळवा, पलूस, मिरजेचा ऊस आणि द्राक्षं जत-आटपाडीच्या कोरड्या रानावर पांघरली जातात. कागदावर जिल्हा बागायती. आमच्या उसाच्या जोरावर जतचा अनुशेष गायब! पुढं २०११ मध्ये नेमलेल्या केळकर समितीनं तालुका हा घटक धरा म्हणून सांगितलं. अहवाल २०१३ चा, चर्चा झाली, कपाटात गेला.

आणि घटनेचं कलम ३७१(२) घ्या. विदर्भ, मराठवाडा आणि "उर्वरित महाराष्ट्र" यांच्यासाठी वैधानिक विकास मंडळं. १९९४ मध्ये झाली. आता उर्वरित महाराष्ट्र म्हणजे काय, तर मुंबई, पुणे, कोल्हापूर आणि जत एका ताटात. तरी काहीतरी होतं. एप्रिल २०२० अखेर मुदत संपली. मुदतवाढ का नाही? तर तेव्हा आघाडी सरकार आणि राज्यपाल यांचं विधान परिषदेवर राज्यपालांनी नेमायच्या बारा आमदारांच्या नावांवरून वाजलेलं. मार्च २०२१ मध्ये अजित पवार सभागृहात म्हणाले की राज्यपालांनी बारा नावं जाहीर करावीत, आम्ही मंडळं जाहीर करतो. फडणवीस तुटून पडले, ओलीस धरलं म्हणाले. मग सत्ताबदल झाल्यावर सप्टेंबर २०२२ मध्ये मंडळं पुन्हा स्थापन करायची शिफारस मंत्रिमंडळानं केली.

धागाकर्त्यांनी विचारलंय ना दुभंगलेल्या राजकारणाचं? हे घ्या घरचं उदाहरण. घटनेत लिहिलेली सोय, आणि ती बारा आमदारकीच्या सौद्यात अडकली. यात एकाही पक्षाला मी सोडणार नाही.

आमच्या भागातल्या माणसांचंही सांगते. जतला पाणी द्यायला सगळ्यांचा पाठिंबा असतो. फक्त "आमच्या पाळीला हात न लावता". उसाला ठिबक सक्तीचं करा म्हटलं की सगळे गप्प.

विश्रामबाग | सोमवार, रात्री ९:१०

धागाकर्त्याच्या मूळ प्रश्नाकडं येतो. यातलं सगळ्यात बोलकं उदाहरण मला श्रीलंकेचं वाटतं.

१९५६ मध्ये भंडारनायके फक्त सिंहलीच्या घोषणेवर निवडून आले आणि तसा कायदा केला. पण माणूस व्यवहारी होता. १९५७ मध्ये त्यांनी तमिळ नेते चेल्वनायकम यांच्याशी करार केला: प्रादेशिक मंडळं, आणि उत्तर-पूर्वेत कारभाराला तमिळ. आजच्या नजरेनं बघितलं तर किती माफक! विरोधातल्या युनायटेड नॅशनल पार्टीच्या जयवर्धने यांनी कँडीच्या दिशेनं मोर्चा काढला. एप्रिल १९५८ मध्ये भिक्खू पंतप्रधानांच्या घरासमोर बसले आणि भंडारनायकेंनी करार मोडीत काढला. आता गंमत बघा. १९६५ मध्ये सत्ता फिरली. युनायटेड नॅशनल पार्टीच्या डडली सेनानायके यांनी त्याच चेल्वनायकम यांच्याशी जवळपास तसलाच करार केला. या वेळी भंडारनायकेंचा पक्ष रस्त्यावर. तोही बारगळला. दोन्ही पक्षांना तोडगा माहीत होता, दोघांनी तो लिहूनही दिला होता, फक्त एकाच वेळी दोघांनाही तो मान्य नव्हता. १९८३ पासून २००९ पर्यंत जे यादवी युद्ध झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

जत म्हणजे जाफना नव्हे, कृपया कुणी तसं वाचू नका. पण यंत्रणा तीच. बहुसंख्याकांचे दोन पक्ष एकमेकांपेक्षा कडवे दिसायच्या चढाओढीत असले की अल्पसंख्याकांना दिलेला शब्द पाळणं कुणालाच परवडत नाही. म्हणून माझ्या मते असल्या गोष्टी मंत्र्याच्या शब्दावर ठेवूच नयेत. आपोआप लागू होणारा नियम हवा. वर्गात दहा मुलं असली की शिक्षक, लोकसंख्या १५ टक्के असली की नोटीस दोन भाषांत. कुणी "दिलं" असं म्हणायला जागाच उरू नये, म्हणजे कुणी "विकलं" असंही म्हणणार नाही.

शब्दावर ठेवलं की काय होतं त्याला तेलंगणा आहेच. १९५६ चा सभ्य गृहस्थांचा करार, नोकऱ्या आणि खर्चाच्या वाट्याची आश्वासनं, देखरेख कुणाची ते धड नाही. १९६९ ला आंदोलन पेटलं, मग घटनेत ३७१-ड कलम आणलं, आणि शेवटी २ जून २०१४.

सह्याद्री_७७ | सोमवार, रात्री १०:०२

म्हणजे शेवटी वेगळं राज्य झालंच ना? हेच तर मी म्हणतोय. बोट दिलं की हात धरतात. वेगळं राज्य मागणाऱ्या दार्जिलिंगला १९८८ मध्ये गोरखा हिल कौन्सिल दिली. थांबले? २०११ ला पुन्हा नवा करार, नवी यंत्रणा. २०१७ ला पुन्हा शंभरावर दिवस बंद. लाड केले की मागण्या वाढतात.

विश्रामबाग | सोमवार, रात्री १०:२५

दार्जिलिंगचं उदाहरण चांगलं आणलंत, पण पुढचं सांगितलं नाहीत. नव्या प्रशासनाची पहिली निवडणूक २०१२ मध्ये झाली, दुसरी थेट २०२२ मध्ये. मधली काही वर्षं कोलकात्यानं नेमलेली मंडळी कारभार बघत होती. याला लाड म्हणायचं? ताट वाढलं आणि हात बांधले.

आणि तेलंगणा "झालंच ना" म्हणताय, तर १९५६ चा करार पाळला असता तर कदाचित झालं नसतं, असंही म्हणता येतं. दोन्ही बाजू सिद्ध करता येणार नाहीत, मान्य.

सह्याद्री_७७ | सोमवार, रात्री १०:४०

ठीक. पाणी आणि शिक्षक यावर माझा विरोध कधीच नव्हता. कन्नड नोटिशीवर मी अजून तिथंच आहे. भाषा ही शेवटी राज्याची ओळख असते. टिळकवाडींचा मुद्दा मात्र डोक्यात राहिलाय, खोटं कशाला बोलू.

भडंग_एक्स्प्रेस | सोमवार, रात्री १०:४४

शंभरी हुकली, एकमत व्हायला लागलं. निराशा.

पूर्वभाग | मंगळवार, सकाळी ६:२५

एकमत कुठं, थांबा. आमच्यातलंच एक भांडण सांगतो.

जत तालुका अवाढव्य, म्हणून विभाजन करा ही जुनी मागणी. सगळ्या पूर्व भागाची मिळून. पण नव्या तालुक्याचं ठिकाण कुठलं म्हटलं की उमदी म्हणते आम्ही, संख म्हणतं आम्ही. संखला अप्पर तहसील कार्यालय झालं तेव्हा उमदीकडचे रुसले. कर्नाटकाविरुद्ध नाही, महाराष्ट्राविरुद्ध नाही, शेजारच्या गावाविरुद्ध! सरकारला बरंच झालं. तुमचं तुमच्यात ठरवा, मग या.

तसंच शाळेचं. कन्नड शाळा टिकवा म्हणून निवेदन देणाऱ्या पुढाऱ्याचा नातू इंग्लिश मीडियमच्या पिवळ्या गाडीतून जातो. गरिबाचं पोर कन्नड शाळेत, आणि दहावीनंतर पुढं काय, तर कन्नडमधून कॉलेज जवळपास नाही, विजापूरला जा, तिथं म्हणतात तुम्ही परराज्यातले. म्हणून काही आईबाप मुद्दाम मराठी शाळेत घालतात आणि आमचा पट घटतो. पट घटला की दहा-चाळीसचा नियम आमच्यावरच उलटतो. विश्रामबाग साहेब, आपोआपचा नियम चांगला, पण तो मोजतो पोरं किती आहेत. ती कमी का झाली हे मोजत नाही. शिक्षक नाही म्हणून पोरं गेली, आणि पोरं गेली म्हणून शिक्षक नाही.

कन्नड संघटना बंगळूरहून येतात, आमच्या शाळेचे फोटो काढतात, आणि बातमी होते. बातमी झाली की इकडचे आमच्याकडं संशयानं बघतात. नको ते फोटो. मास्तर द्या.

वाळव्याची_लेक | मंगळवार, सकाळी ९:१५

सर, हा शेवटचा परिच्छेद कुठल्याही अहवालात नसेल. आकड्यासोबत त्यामागचं कारणही नोंदवायला हवं, हे मान्य. कसं, ते मला सुचत नाही. भरतीच्या वेळी कन्नड माध्यमाच्या जागा वेगळ्या दाखवून वेगळ्याच भराव्यात, बदलीत त्यांची सरमिसळ होऊ नये, एवढं तर लगेच करता येईल?

टिळकवाडी | मंगळवार, सकाळी ११:३०

आमच्याकडच्या मराठी शाळांची हीच रड, शब्द न शब्द. फक्त फोटो काढायला मुंबईहून येतात.

कृष्णाकाठ (धागाकर्ता) | मंगळवार, रात्री १०:१०

सगळ्यांचे आभार. सह्याद्रींचेही, तुमच्यामुळं धागा आरतीचा झाला नाही.

पूर्वभाग सरांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, इथंही लिहितो. मोठी निवेदनं नकोत. तीन वेगवेगळे अर्ज करू, एकाच कागदावर सगळं कोंबलं की कुठल्या खात्याचं म्हणून तो फिरत राहतो. पहिला फक्त शिक्षकाचा: वर्गवार पट, किती मुलांची घरची भाषा कन्नड, नेमलेल्या शिक्षकाचं माध्यम कोणतं. गेल्या काही वर्षांचा पट सोबत जोडा, म्हणजे शिक्षक कधी गेला आणि मुलं कधी गेली हे तारखांवरून दिसेल. तुमच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर नाही हे, पण सुरुवात होते. दुसरा नोटिशींचा, १५ टक्क्यांच्या आधारावर. तिसरा तुबची-बबलेश्वरच्या पाण्याच्या देवाणघेवाणीचा, तो दोन्ही राज्यांच्या जलसंपदा खात्यांना एकाच दिवशी. प्रत्येकाची एक प्रत भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांना. छडी नसली तरी त्यांच्या अहवालात नोंद गेली तर टिळकवाडीवाल्यांनाही ती दाखवता येईल.

कुठल्याही पक्षाच्या लेटरहेडवर नको. आणि ग्रामसभेत ठेवणार असाल तर उमदी आणि संख दोन्हीकडं एकाच आठवड्यात ठेवा.

पूर्वभाग | बुधवार, सकाळी ६:३०

पट काढायला घेतो. अर्ज मराठीत लिहू का कन्नडमध्ये?

कृष्णाकाठ (धागाकर्ता) | बुधवार, सकाळी ८:०५

मराठीत लिहा, म्हणजे टेबलावरच अडणार नाही. सोबत कन्नड प्रत जोडा. घटनेच्या ३५० व्या कलमात गाऱ्हाणं संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत मांडायचा हक्क आहे, ते कलम वरच लिहा. कारकून कन्नड प्रत परत करायला लागला तर हुज्जत घालू नका, परत करण्याचं कारण तेवढं लेखी मागा. आणि आवक नंबरासकट पोच घ्या, दोन्ही प्रतींवर.